राखणदाराची फेरी रात्री असते

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक सिमेंटची टाकी होती. क्रोम प्लेटिंगमधलं धुण्याचं पाणी तिच्यात यायचं, केशरी-पिवळं. त्यात आधी सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, तीनच्या खाली आणायचा आणि मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. गंधकाचा भपका यायचा, डोळे चुरचुरायचे, आणि बघता बघता पिवळं पाणी हिरवं व्हायचं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, मेलं, ही त्याची खूण. त्यानंतर चुना. पीएच साडेआठ-नऊवर आला की हिरवा साका तळाला बसायचा आणि वर नितळ पाणी राहायचं. साका फिल्टर प्रेसमध्ये दाबला की शेवाळी रंगाच्या वड्या निघायच्या. त्या गोणीत भरायच्या, गोणीवर लेबल लावायचं, वजन नोंदवायचं. फोंडा तालुक्यातल्या एका पठारावर हे काम मी 19 वर्षं केलं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की ही विद्या कठीण नाही. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करता येतं. रसायनं बाजारात मिळतात, माणसं शिकतात, यंत्रं चालतात. गोव्यात औद्योगिक प्रदूषणाचा विषय निघाला की लोक तंत्रज्ञानावर बोलतात, मोठमोठ्या प्रकल्पांवर बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे कायदे आहेत, यंत्रं आहेत, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. राखण नाही. आणि जी थोडी आहे ती चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी उभी आहे.

एका पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी होती, पाऊस असा की समोरचा शेड दिसत नव्हता. मेटाबायसल्फाइटचा साठा दोन दिवसांपूर्वी संपलेला, टाकी काठोकाठ. टाकीला एक बायपासचा व्हॉल्व होता, तो गटारात उघडायचा. मी तो फिरवला नाही. ज्यानं फिरवला त्याला मी ओळखत होतो, आणि मी गप्प राहिलो. सकाळी पाऊस थांबला तेव्हा टाकी अर्धी रिकामी होती आणि गटार धुऊन स्वच्छ झालं होतं. त्या आठवड्यात कोणी आलं असतं आणि फाटकाजवळच्या आउटलेटवरून नमुना घेतला असता, तर पीएच, क्रोमियम, सगळं मर्यादेत आलं असतं. ती मर्यादाही मला पाठ आहे: हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅम.

आता हे पाणी गेलं कुठे, ते बघू. गोव्यातल्या बऱ्याच औद्योगिक वसाहती पठारांवर आहेत. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुयें. पठारावर शेती होत नाही, जमीन ओसाड आहे, असं समजून त्या तिथं नेल्या. पण आमच्या पठाराचा जांभा दगड म्हणजे स्पंज आहे. पावसाळ्यात कोसळणारं जवळपास तीन हजार मिलिमीटर पाणी तो पितो आणि उन्हाळाभर पायथ्याच्या झऱ्यांतून सोडत राहतो. झऱ्याखाली कुळागर म्हणजे बागायत, कुळागराखाली व्हाळ म्हणजे ओढा, व्हाळाखाली शेत, पुढे खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, मानशी म्हणजे त्या बांधातली पाण्याची दारं, आणि मग खाडी. माडा-पोफळीचं, मिरवेलीचं, केळीचं सगळं जगणं त्या झऱ्यावर. पठार ओसाड नाही, ते खालच्या गावाची पाण्याची टाकी आहे. आणि आपण टाकीच्या झाकणावर कारखाने बांधले.

म्हणून नमुना फाटकावर घेऊन भागत नाही. फाटकावर तेच पाणी येतं जे कारखान्याला दाखवायचं असतं. खरं पाणी पायथ्याला भेटतं, तेही काही महिन्यांनी, आणि तिथं मंडळाची बाटली जात नाही. तक्रार आली तर जाते. तोवर दोन पाऊस होऊन गेलेले असतात.

माझ्या शेजारच्या वाड्यावर एक बागायतदार आहेत, वय सत्तरीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांच्या झऱ्याच्या पाण्यावर एकदा तेलकट तवंग आला. भाऊ घाबरले, मला बोलावणं आलं. मी काठीनं तवंग ढवळला. तो काचेसारखा तडकला आणि तुकडे वेगळे राहिले. म्हटलं, भाऊ, हे तेल नाही. तेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं. हा लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा तवंग आहे, जांभ्याच्या मुलखात तो येतोच. भाऊंना हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि जे दिसत नाही ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रोमियम अगदी थोडं असलं तर रंग दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही.

गोव्याला प्रदूषणाविरुद्ध लढता येत नाही असं कोणी म्हणू नये. सत्तरच्या दशकात झुआरीनगरच्या खत कारखान्याच्या सांडपाण्यानं मासे मेले तेव्हा आंदोलनाचे नेते माथानी साल्ढाणांबरोबर लोक रस्त्यावर आले. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन 6,6 चा कारखाना येणार म्हणून आमचा सगळा तालुका उठला. 23 जानेवारी 1995 रोजी पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, आणि प्रकल्पाला गोवा सोडावा लागला. त्या दिवसांची आठवण अजून आमच्या अंगावर आहे. पण मला वारंवार वाटत आलंय की आपली सगळी ताकद कारखाना येण्याआधी खर्च होते. तो आला, फीत कापली, गावातल्या चार पोरांना काम लागलं, की आपण पाठ फिरवतो. त्यानंतर तीस वर्षं तो रोज किती पाणी घेतो, किती सोडतो, किती गोणी बाहेर पाठवतो, हे विचारणारं कोणी नसतं. आंदोलन एकदा करायचं असतं. राखण रोज करावी लागते.

कागदावर बंदोबस्त पक्का आहे. 1974 चा जल कायदा, 1981 चा वायू कायदा, भोपाळनंतर आलेला 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. धोकादायक कचऱ्यासाठी 2016 चे नियम: कचरा कारखान्यात 90 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, तो बाहेर पडताना सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याचं वाहतूकपत्र, भरावं लागतं, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा, कुठली मंडळाला, कुठली वाहतूकदाराला, कुठली विल्हेवाट केंद्राला. पूर्वी आमच्या वड्यांच्या गोणी ट्रकमधून दुसऱ्या राज्यात जायच्या, कारण गोव्यात जागाच नव्हती. आता पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचं सामायिक केंद्र झालं आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि ती तशी म्हटली पाहिजे.

पण मॅनिफेस्ट काय सांगतं? जे बाहेर गेलं तेवढंच. जे जायला हवं होतं आणि गेलं नाही, ते कागदावर येतच नाही. आणि इथेच एक साधी तपासणी आहे जी माझ्या 19 वर्षांत एकदाही कोणी केली नाही.

क्रोमिक ॲसिडच्या 100 किलोत 52 किलो क्रोमियम असतं. ते हवेत विरत नाही. काही भाग मालावर चढतो, उरलेलं धुण्याच्या पाण्यात जातं. समजा निम्मं पाण्यात गेलं, तर 26 किलो. त्याचा चुन्यानं साका केला तर सुकं वजन पन्नास किलोच्या घरात भरतं, आणि ओल्या वडीत निम्म्याहून जास्त पाणी, शिवाय चुना-ॲसिडचं जिप्सम. म्हणजे 100 किलो क्रोमिक ॲसिड विकत घेणाऱ्या कारखान्यातून शंभर किलोच्या वर हिरवी वडी निघायलाच हवी. प्रमाण कारखान्यागणिक थोडं बदलेल, ते ठरवायला तज्ज्ञ आहेत. पण खरेदीची बिलं एका हातात आणि मॅनिफेस्ट दुसऱ्या हातात घेऊन बसलं तर अर्ध्या तासात कळतं. वर्षाला दोन टन क्रोमिक ॲसिड आणि वडी तीनशे किलो? मग बाकीचं कुठं आहे? त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना नमुना, आणि पावसानं हिशेब धुऊन जात नाही.

तशीच विजेची गोष्ट. शुद्धीकरणाच्या यंत्रांना वेगळा मीटर असावा, अशी अट मंडळ कारखान्यांना देतं त्या अनेक संमतीपत्रांत असते. ढवळणीची मोटर, डोसिंग पंप, फिल्टर प्रेस, सगळं चालायला युनिटं लागतात. उत्पादन दुप्पट झालं आणि या मीटरचं वाचन तेवढंच राहिलं, तर यंत्र उभं आहे दाखवायला. मीटर वाचायला लाइनमन दर महिन्याला येतोच. तो आकडा मंडळापर्यंत का जात नाही?

मंडळाचे लोक वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. जे थोडे अधिकारी मी पाहिले त्यातले बरेच मन लावून काम करणारे होते. एका साहेबांनी भर उन्हात टाकीवर चढून स्वतः पीएच पाहिलेला मला आठवतो. पण माणसं मोजकी, कारखाने शेकडो, आणि त्यांच्यावर हॉटेलं, खाणी, बांधकामं, लग्नाच्या हॉलचे ध्वनिक्षेपक, सगळ्यांचाच भार. नमुना घ्यायची कायदेशीर पद्धतही वेळखाऊ: कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करायचे, दोन्ही पक्षांच्या सह्या घ्यायच्या. ही पद्धत योग्यच आहे, कोणावर अन्याय होऊ नये. पण मग दिवसाला दोन कारखाने होतात, तेही दिवसाढवळ्या, कोरड्या मोसमात.

आमच्या गावाला राखणदार आहे, गावाची हद्द राखणारा देव. त्याच्या नावानं आम्ही रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, ठेवतो. आजी सांगायची, तो रात्री हद्दीवरून फिरतो, हातात काठी, खांद्यावर कांबळं. दिवसा त्याचं काम नाही, दिवसा माणसं जागी असतात. हे ज्यांनी सांगितलं त्यांना राखणीचं मर्म कळलेलं होतं. मंडळाची फेरी रात्री का नसते? मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो त्या रात्री प्रत्येक वसाहतीच्या गटाराच्या तोंडाशी एक गाडी उभी राहिली, तर वर्षभराच्या तपासणीपेक्षा त्या एका रात्रीत जास्त सापडेल. हे मी अंदाजानं म्हणत नाही.

दंडाचा विषय निघाला की लोक म्हणतात, दंड वाढवा. केंद्रीय मंडळानं पर्यावरण भरपाईचं सूत्र ठरवून दिलं आहे. लाल, म्हणजे सर्वात प्रदूषणकारी गटातल्या लहान कारखान्याला त्या सूत्रानं दिवसाला साधारण 10 हजार रुपये येतात. रक्कम लहान नाही. अडचण दिवसांच्या मोजणीत आहे. दिवस मोजायला सुरुवात होते उल्लंघन सापडल्यापासून. त्याआधीची चार वर्षं मोजणीत येत नाहीत, कारण ती कोणी पाहिलेली नसतात. जो सापडतच नाही त्याला दंड किती, याला काय अर्थ? 2024 मध्ये संसदेनं जल कायद्यात दुरुस्ती करून बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगाऐवजी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला, सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी. तुरुंग की दंड, यावर वाद चालू द्या. माझ्या मते सापडण्याची भीती ही खरी शिक्षा आहे, आणि तीच आज नाही.

आणि कारखाना बंद पडला तर? कुंकळ्ळीला विचारा. तिथल्या जस्ताच्या कारखान्यानं जारोसाइट मागं ठेवला. जस्त काढताना लोखंड वेगळं करताना निघतो तो हा गाळ, त्यात शिसं, कॅडमियम असतं. कारखाना बंद, मालक नामानिराळा, कचरा वसाहतीत, आणि तो उचलायचा कोणी याची वर्षानुवर्षं फायलींवर फायली. शेवटी भार सरकारवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. चिरेखाण सुरू करणाऱ्याकडून आपण अनामत मागतो, घर भाड्यानं देताना अनामत मागतो. मग धोकादायक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याकडून, संमतीपत्र देतानाच, शेवटची गोणी उचलायचा खर्च अनामत म्हणून का घेऊ नये? कारखाना सुरळीत बंद झाला, जागा स्वच्छ करून दिली, की व्याजासकट परत. लहान उद्योजक म्हणतील परवडत नाही. त्यांची अडचण मी जवळून पाहिली आहे, पगाराच्या तारखेला त्यांचे चेहरे पाहिलेत. त्यांना ही रक्कम हप्त्यांनी भरू द्या, पाच-सात वर्षांत. पण शून्य अनामत हा गावाच्या जिवावरचा उधार आहे.

पणजीच्या वाचकांना वाटेल, हा फोंड्याच्या पायथ्याचा प्रश्न. तसं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. तेव्हा राजधानीत अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपलं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं, खांडेपार नदीचं. त्या नदीच्या खोऱ्यात खाणी आहेत, कारखाने आहेत, वस्त्या आहेत. पणजी महानगरपालिका कचरा सोळा प्रकारांत वेगळा करते, त्याचं देशभर कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण तिच्या पाण्याच्या वरच्या अंगाला काय सोडलं जातं, यावर तिला विचारायचा अधिकार नाही, आणि तिनं तो मागितल्याचंही ऐकिवात नाही. 2018 च्या केंद्रीय मंडळाच्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 11 एवढ्याशा गोव्यातले. शहरानं आपल्या नदीच्या उगमापर्यंत हिशेब मागायलाच हवा. निदान ओपाच्या वरच्या नमुन्यांचे निकाल दर महिन्याला महापालिकेच्या सभेत वाचले जावेत, नगरसेवकांनी त्यावर प्रश्न विचारावेत.

अपघातांचंही तेच. जानेवारी 2018 मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, पहाटे शेकडो लोकांनी घरं सोडली. जानेवारी 2023 मध्ये पिळर्णच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली, आसपासच्या लोकांना हलवावं लागलं. 2024 मध्ये माटवे-दाबोळीच्या विहिरींत इंधन उतरलं. प्रत्येक वेळी कारखाने निरीक्षणालय, अग्निशमन दल, प्रदूषण मंडळ, पंचायत, प्रत्येकाची वही वेगळी निघाली. पलीकडच्या शेडमध्ये कुठलं रसायन किती आहे, हे आग विझवायला जाणाऱ्या जवानाला आणि शेजारच्या घरातल्या बाईला आधी माहीत असलं पाहिजे. ही माहिती गुपित का असावी, याचं मला पटणारं कारण आजवर कोणी दिलेलं नाही.

गावानं काय करायचं, हे मी भाऊंच्या झऱ्यावर शिकलो. त्या दिवसानंतर मी एक टीडीएस मीटर घेतला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनाएवढा, काही शे रुपयांचा. जांभ्यातून येणारं पाणी फार हलकं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आमच्या झऱ्याचा आकडा बहुतेक वेळा पन्नासच्या आतबाहेर येतो. उद्या तो अचानक दोनशे-तीनशे झाला तर काय मिसळलं ते हा मीटर सांगणार नाही, क्रोमियम आहे की मीठ ते त्याला कळत नाही. पण वर काहीतरी झालंय, एवढं त्याच दिवशी कळेल. कोर्टात तो पुरावा ठरणार नाही, मंडळाचाच नमुना लागेल. मात्र मंडळाला कधी यायचं आणि कुठं यायचं, ते सांगता येईल. आणि मंडळ आलं नाही, तर 60 दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, ही सोय कायद्यात आहेच.

प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आहे, निदान कागदावर. हे काम तिचं आहे. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे वाचन घेऊ शकतात, मी त्यांना दोन दुपारी शिकवलं आहे, त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नीट येतात.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. पठाराच्या पायथ्याच्या चार जागा: भाऊंचा झरा, देवळाची तळी, व्हाळावरचा साकव आणि खालच्या शेतातली विहीर. दर रविवारी सकाळी वाचन, आणि आकडा पंचायतीच्या फळ्यावर, खडूनं, तारखेसकट. मंडळाला एक पत्र: पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही गटाराच्या तोंडाशी उभे असू, तुमचा माणूस पाठवा. दुसरं पत्र आमदारांना, खरेदीच्या बिलांच्या पडताळणीचा प्रश्न विधानसभेत विचारावा म्हणून. भाऊंनी ठरावाला अनुमोदन द्यायचं कबूल केलं आहे. मला एकच गोष्ट सांगितली त्यांनी: पावसाच्या आधीचा आकडा घेऊन ठेव, नाहीतर उद्या म्हणतील पाणी आधीपासून असंच होतं. म्हणून ग्रामसभेची वाट न बघता काल सकाळी चारही जागी फिरून आलो. झरा 46, तळी 71, साकव 58. विहिरीचा आकडा 190 आला. तीन वेळा मोजला. बाटली भरून, तारीख लिहून घरी ठेवली आहे, आणि उद्या ती घेऊन साळगावला मंडळाच्या कार्यालयात जाणार आहे.